शिसं माशाच्या पोटात, नाव माझं

...तर ताईनेच डिवचलं हो मला! म्हणे, "एक दिवस, अख्खा एक दिवस, खोडी न काढता राहून दाखव!" आणि मी गाढव, म्हणालो, "बघच!" बरं, दिवस कुठला निवडावा? मासे पकडायच्या स्पर्धेचा! त्यात बाबांनी सकाळीच दम भरलेला, "आज बेटावर काही झालं ना, तर उद्याच्या लाँचने तुझी रवानगी आत्याकडे." आत्या पलीकडे शहरात राहते. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे पाइप. समुद्र बघायचा तर कॅलेंडरवर!

आता ही स्पर्धा म्हणजे काय, तर शहरातले साहेब लोक येणार, आमच्या बोटी भाड्याने घेणार, दिवसभर गळ टाकून बसणार. एरवी तर हे लोक मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात! अरे, मग त्याला बोलावलंत कशाला? पण स्पर्धेला वजन करतात. ज्याचा मासा जड, त्याला कप.

बाबांच्या बोटीत टोपीवाले साहेब. टोपी मोठी, पोट त्याहून मोठं, आणि बोट हलली की तोंड हिरवं. संध्याकाळी धक्क्यावर उतरले ते लटपटतच. मी म्हटलं, चला, आज शहाणं व्हायचंय, तर यांची माशाची पेटी उचलू. उचलली. तिथेच नडलं! तुम्हाला सांगतो, पेटी उचलण्यापलीकडे मी त्या दिवशी काही म्हणजे काही केलं नव्हतं!

मासा वजनकाट्यावर ठेवला. पहिला नंबर! टाळ्या! हेडमास्तर परीक्षक, त्यांना आला उमाळा, त्यांनी शेपटीला धरून मासा उंच केला... आणि माशाच्या तोंडातून खण्ण! खण्ण! खण्ण! शिसं! जाळ्याला लावतात ना, ते शिशाचे गोळे!

आता सांगा, लोकांनी कुणाकडे बघायला हवं? टोपीवाल्याकडे ना? अख्खा धक्का वळला माझ्याकडे! हेडमास्तर नाकातून म्हणतात, "पेटी कोणी आणली? हं... वाटलंच." अहो, काय वाटलंच? मी काही म्हणजे काही केलं नव्हतं!

आणि गोळे मी ओळखले हो. आमच्याच जाळ्याचे. बाबा हातोडीने ठोकतात ना, एका बाजूने चेपलेले असतात. मी बाबांकडे बघितलं. बाबा आभाळात असे बघत होते, जणू पहिल्यांदाच ढग दिसताहेत. मी म्हटलं, "मी नाही..." एवढंच. पुढचं गिळलं. बोटीचा परवाना गेला तर घर कशावर चालणार? तर बाबा ढगांतून खाली उतरले आणि सणसणीत एक कानाखाली! माझ्या!

दुसऱ्या दिवशी लाँचवर चढवायला सगळा गाव हजर. टोपीवालेही त्याच लाँचने निघालेले. ताई म्हणाली, "हरलास." आई बॅगेची चेन ओढत होती, चेन काही लागेना, आणि ती रडायला लागली. तेव्हा बाबांचा बांध फुटला. सगळ्यांसमोर ओरडले, "त्याने नाही केलं! शिसं मी कोंबलं! साहेब उलटी करायला वाकले, तेव्हा! कप मिळाला तर सीझनभर तुझीच बोट घेतो म्हणाले होते, म्हणून!"

मला वाटलं, सुटलो!

हेडमास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "बघ रे कार्ट्या, बाप असावा तर असा! तुझं पाप स्वतःच्या माथ्यावर घेतोय!" बाबा म्हणतात, "अहो, खरंच मी..." तर टोपीवाल्यांनी त्यांना मिठीच मारली. "बस, एक शब्द बोलू नका! पुढचा सीझन तुमचीच बोट!" जो तो टाळ्या वाजवायला लागला. मी आपला हात खाली सोडून उभा, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मस्ती अजून गेली नाही!"

मग काय करणार... मीही वाजवल्या.