मनुबाईची पांढरी कोंबडी

पाटणच्या गुरांच्या दवाखान्यात रांगेत सगळ्यात पुढं नाथाजी बैलाची वेसण धरून उभा होता. मागं मनुबाई मांडीवर पाटी घेऊन बसली होती, पाटीत पांढरी कोंबडी. तिच्या शेजारी शेळीवाला धोंडिराम. दोघांचं बोलणं नाथाजीच्या कानावर पडत होतं.

"मावशी, कोंबडीला काय झालंय?"

"पाय धरंना. तीन दिस बसून हाय."

"मग कापायची. रस्सा तरी झाला आसता."

"आरं, पयलीच अंडी हायती तिची. चाळीस दिस खाडा न्हाई. आज बी बसल्या जागी दिलं, पर कवच न्हाई, नुसती कातडी."

"म्हंजे संपलीच की!"

"संपली न्हाई, झिजली. डाक्टर काल म्हनलं, कवचाला लागतंय ते ती सोताच्या हाडातनं काढती. चूक माझीच. मुंगसाच्या भ्यानं दोन म्हैनं डालग्याखाली अंधारात कोंडली, आन् वर नुसता कोंडा घातला."

"आता काय करनार?"

"रोज उन्हात बसवनार. नदीचं शिंपलं कुटून चारनार. काल औषद संपलं हुतं, ते आज घेनार."

"आन् तरी न्हाई उठली तर?"

"तर उद्या परत येनार."

"आवं, सा मैल चालत, एका कोंबडीसाठी?"

"तिचं पाय गेल्यात. माझं हायती न्हवं अजून?"

आतून हाक आली, "पयला कोण हाय?"

नाथाजीनं बैल बाजूला ओढला.

"मावशी, जावा."

मनुबाई पाटी उचलून केव्हाच आत शिरली होती.