चहा खाल्ला आणि झाड गेलं

नाही, मला सांगा, चहा खाल्ला म्हणून कुणाचं आंब्याचं झाड जातं का? माझं गेलं! तुमचं बरं आहे, तुम्ही चहा उकळता, पिता, मोकळे होता... आमच्या मंडालेकडे पानं मुरवून खातात. तंटा झाला की पंच मधे चहाचं तबक ठेवतो, आणि ज्याने घास घेतला त्याला निकाल मान्य. मग हूं की चूं करायचं नाही.

तर बांधावरचं झाड. मी म्हणतो माझं, शेजारचा पो कान म्हणतो त्याचं, तीन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद! परवा पंचांकडे निघालो तर माझी बायको खिन न्यो दारात म्हणते, "चहाला हात लावू नका हं. जेवण तुम्ही परत आल्यावर." मी काय खुळा आहे?

बसलो हात मांडीखाली दाबून. समोर तबक. तेलात माखलेली पानं, तीळ, शेंगदाणे, आणि तळलेला लसूण... अहो, किती लसूण! त्यात पंच ऊ तुन यिन सुरू झाले ते माझ्या पणजोबांपासून, झाड कुणी लावलं, त्या साली बैल कुणाचा मेला... उपाशीपोटी माणसाने किती सोसायचं? एक शेंगदाणा उचलला. शेंगदाणा म्हणजे काही चहा नव्हे! पण त्याला पान चिकटलेलं, पानाला लसूण... तिसरा घास तोंडात, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"बा थिन," पंच म्हणाले, "मी निकाल अजून सांगितला नाही."

"सांगा की," पो कान म्हणाला, "त्यांना मान्य आहे."

झाड पो कानचं, खाली पडतील ते आंबे माझे! आणि त्याने मिटक्या मारत घास घेतला. चहा खाल्ला म्हणून झाड जातं का हो?

तणतणत घरी आलो, तर पो कानची बायको आमच्या ओसरीवर, दोघी खिदळतायत, आणि चुलीशेजारी कढईत तोच तळलेला लसूण!

"तबक तू पाठवलंस?"

"तुमच्या झाडापायी तीन वर्षं माझी मैत्रीण तुटली होती," खिन न्यो म्हणाली, अगदी शांतपणे.

आता मात्र मी तोंड उघडणार, चांगलं सुनावणार... तेवढ्यात तिने उरलेला चहा पुढे सरकवला. वर जास्तीचा लसूण घालून.

काय करणार... खाल्ला.