पोरगी माही, फोन साडूचा

…न्हाई न्हाई, डोकं ठिकाणावर हाय माहं, तुमी काळजी करू नका. तुमी सगळे टेलिफोन हापिसाच्या या लाइनीत नवा फोन मागायला उभे, अन हा एकटा बाबा घरातला चालू फोन उचलून दुसरीकडं न्या म्हणून अर्ज घेऊन आला, म्हणून हसून राहिले ना तुमी? हसा. पण साहेब चहाला गेले, खिडकी बंद हाय, तवर जरा ऐका अन मंग हसा. ओ व्यंकटराव, तुमी पुढं उभे हाव, मान जरा इकडं करा, तुमचा नंबर काय पळून जात न्हाई.

तर तुमाला सांगतो, माहा साडू, धम्मानंद. माह्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हितंच बाळापुरात राहतो, माह्या घराला घर लागून, मधात कंबरेएवढी भिंत. मी मोंढ्यात मापाडी, दिवसभर काटा अन पोती, नाकात हळद, अन तो कालव्याच्या हापिसात, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आता माणसाला साडू असावा, माही काही हरकत न्हाई, पण तो भिंतीला भिंत लावून असू नये. काहून म्हणता? आवो, आमची चतुराबाई सकाळी उठली की आधी भिंतीपलीकडं बघते अन मंग माह्याकडं बघते. "दाजीनं कूलर आणला." आणला तर आणला. "दाजीनं अंगणात फरशी बसवली." बसवली तर बसवली. "दाजी अक्काला नावानं हाक मारत न्हाईत, अवं ऐकलं का म्हणतात." आता मी काय करू? कूलर गिळला, फरशी गिळली, ते अवं ऐकलं का बी गिळलं. पण एक दिवस सरकारनं त्याच्या घरात फोन बसवला, अन तो काही माह्या घशाखाली उतरला न्हाई.

कशासाठी बसवला? कालव्याला पाणी सोडा, कालव्याचं पाणी बंद करा, एवढं सांगायला. पण गल्लीत पहिला फोन ना वो. आठ दिवसांत सगळ्या गल्लीनं तोच नंबर पाव्हण्यारावळ्यात वाटून टाकला. पुढं लिहायचं पीपी, म्हणजे फोन शेजाऱ्याचा अन माणूस आपला. लोकांनी लग्नपत्रिकेवर छापला, गल्लीतल्या उत्तमसिंगनं तर दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला. मी बी दिला. देणार न्हाई तर काय करणार? माही एकुलती एक लेक ज्योती, औरंगाबादला नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेलेली, होस्टेलात राहून राहिली, तिचा आवाज ऐकायचा तर दुसरा रस्ता कोणता व्हता?

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, भिंतीजवळ बाजेवर बसून राहायचो. तिकडं घंटी वाजली की हितं मी बाजेवरून उठून उभा. पण उचलणार कोण? तो. "हॅलो, जयभीम, धम्मानंद बोलतोय. कोण, ज्योती? बोल बेटा. जेवलीस का? मेसमध्ये काय व्हतं आज? परत वांगं? अभ्यास कसा चाललाय? पाऊस पडून राहिला का तिकडं?" अन हे सगळं भिंतीपलीकडून मला ऐकू येऊन राहिलं, पण तिचं उत्तर ऐकू येत न्हाई. नुसतं त्याचं हं… हं… अस्सं… अन मंग हसणं. आता माही पोरगी असं काय सांगून राहिली की हा हसून राहिला? आता तुमीच सांगा, पोरगी कोणाची?

सगळं बोलून झालं की मंग भिंतीवरून हाक, "जळबा, तुहा फोन." मी पळायचो. भिंत वलांडायला गेलो तर धोतर अडकायचं, म्हणून दारातून बाहेर, गल्लीतून वळसा, त्याच्या दारातून आत, एक चप्पल रस्त्यात, त्याच्या बायकोनं, भिकाबाईनं, पुसलेल्या फरशीवर पायाचे ठसे. फोन हातात घ्यायचो तर तो त्याच्या कानानं गरम झालेला. अन विचारायचं काय मी? जेवण त्यानं विचारलं, अभ्यास त्यानं विचारला, पाऊस बी त्यानंच विचारला. माह्यासाठी काय ठेवलं? मी म्हणायचो, "बरी हायस का?" ती म्हणायची, "व्हय बाबा." मी म्हणायचो, "बरं." ती म्हणायची, "ठेवू?" मी म्हणायचो, "ठेव." झालं बोलणं. हप्ताभर वाट बघायची अन हाती काय, तर ठेव.

बरं, अन पेपर तोंडापुढं धरून तो बाजूलाच बसलेला असायचा. म्हणजे कान कुटं असणार? मला सांगा, फोनवर बोललेलं बोलणं कोणाचं असतं? बोलणाराचं असतं, ऐकणाराचं असतं, का ज्याच्या घरात ते यंत्र हाय त्याचं? उत्तमसिंगच्या पोराची सोयरीक मोडल्याचा फोन आला, तर उत्तमसिंग घरी जाऊन बायकोला सांगायच्या आत स्टँडवरच्या हाटेलात लोक हळहळ करून राहिले व्हते. कोणी सांगितलं? भिंतीनं? माहा भाचा प्रज्ञेश हिंगोलीत कम्प्युटरवर बसतो, तो म्हणाला, "मामा, आता इंटरनेट आलं, त्याच्यात आपलं पत्र आपल्यालाच दिसतं, पासवर्ड असतो." म्या म्हणलं बाबा रे, आमच्या गल्लीत पासवर्ड म्हणजे धम्मानंदचं दार, ते त्याच्याच हातानं उघडतं.

तुमी म्हणाल, मंग स्टँडवरच्या बूथवर काहून गेला न्हाई? गेल्तो ना. काचेच्या डब्यात घुसलो, होस्टेलला फोन लावला, वॉर्डन बाई म्हणल्या थांबा बोलवते, अन ज्योती तिसऱ्या मजल्यावरून उतरून येईपर्यंत डोळ्यापुढं मीटरचे लाल आकडे पळून राहिले. पोती मोजायची सवय वो, आकडा दिसला की माहं ध्यान आकड्यावरच. ती आली, "बाबा" म्हणली, अन मी काय म्हणलो तर, "बरी हायस का, ठेव." काचेबाहेर लाइनीत उभा माणूस म्हणाला, बाबाचं लई लवकर झालं.

तवाच ठरवलं. अर्ज टाकला, माह्या नावाचा, माह्या घरातला, माह्या पोरीचा फोन. तुमी आता उभे हाव तसा मी याच लाइनीत उभा राहिलो. अन बगा, नशीब कसं, माहा नंबर लागायला अन तिकडं साडू रिटायर व्हायला एकच गाठ पडली. त्याचा फोन सरकारी ना, रिटायर झाला की हापिसाची माणसं आली अन वायर गुंडाळून घेऊन गेली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या. दुसऱ्या हप्त्यात माहा लाइनमन आला. म्या त्याला म्हणलं, "भाऊ, वायर मागून नको, त्या घराच्या दारावरून घे, चांगली दिसली पाहिजे." चतुराबाई म्हणली, "लोक काय म्हणतील?" म्या म्हणलं, "म्हणू दे. दाजीला बी म्हणू दे."

पहिला फोन आला तो राँग नंबर. डोंगरकड्याचा कोणी केळीवाला, त्याला नांदेडचा ट्रकवाला पाहिजे व्हता. तुमाला सांगतो, त्याच्यासंग मी इतका बोललो की त्याच्या बागंची, खोडाची, पोराच्या नोकरीची, बायकोच्या गुडघ्याची, सगळी बात झाली. शेवटी तो म्हणाला, "काका, लई बरं वाटलं, परत कधी लागला तर बोलू." म्हणजे मला बोलता येत न्हाई असं न्हाई ना?

अन मंग रविवार. घंटी वाजली. म्या उचलला, खुर्चीत बसून, पाय हलवत. "बोल बेटा." तिकडून, "बाबा?" म्या म्हणलं, "व्हय, मीच." ती म्हणली, "बरं." मी जेवण विचारलं. जेवले म्हणली. अभ्यास विचारला. चाललाय म्हणली. पाऊस विचारला, तर म्हणली, "बाबा, मार्च चालू हाय." आता साडू हेच विचारायचा तवा त्याला हसू कसं यायचं? मंग ती हळूच म्हणली, "बाबा, मावसा कुटं हायत?" अरे! वायर माही, यंत्र माहं, नाव माहं, अन हिला मावसा पाहिजे. आता तुमीच सांगा, पोरगी कोणाची?

अन मावसा कुटं हायत, तर भिंतीपलीकडं. माही घंटी वाजली की तो सवयीनं उठायचा, दोन पावलं चालायचा, मंग ध्यानात यायचं, मंग परत बसायचा. मला खिडकीतून दिसायचं. म्या हाक मारली का? न्हाई मारली. इतकी वर्सं त्यानं मारली, आता मी कशाला मारू?

तर मागच्या महिन्यात ज्योतीचा रिझल्ट लागला. फोनवर म्हणते, "बाबा, पास झाले. मावसाला सांगा, आता बॅग भरणार न्हाई म्हणून." म्या म्हणलं, "कोणती बॅग?" मंग म्हणली, "मावसानी तुमाला सांगितलं न्हाई?" अन मंग सांगितलं. पहिल्याच वर्षी वॉर्डात ती बघत व्हती ते एक लेकरू दगावलं. हिनं बॅग भरली, ट्रेनिंग सोडून घरी यायचं म्हणून. ते सांगायला फोन केला, तर उचलला कोणी? मावसानं. तो म्हणाला, "ये बेटा, घर तुहंच हाय. पण ह्या रविवारी नको, पुढच्या रविवारी ये." पुढच्या रविवारी परत तेच, "पुढच्या रविवारी ये." शेवटी तिनं विचारणंच सोडलं अन हळूहळू ती तिथं रमली.

आता मला सांगा, तो फोन म्या उचलला असता तर? म्या म्हणलं असतं, "थांब, मी आत्ताच्या यष्टीनं येतो," अन संध्याकाळी तिला घरी आणली असती, अन आज ती नर्स झाली नसती. म्हणजे जळायला बी मला त्यानं जागा ठेवली न्हाई. अन सगळ्यात मोठं दुखणं काय? उत्तमसिंगच्या पोराची मोडलेली सोयरीक हाटेलात सांगणारा हा माणूस, माह्या पोरीचं मात्र त्यानं चुलीजवळ भिकाबाईला सुद्धा सांगितलं न्हाई.

मी तडक गेलो. "दादा, मला काहून सांगितलं न्हाई?" पेपर खाली ठेवला त्यानं. म्हणाला, "जळबा, ती रडायला फोन करायची. तुह्यापुढं तिला रडायचं नव्हतं. म्हणून मी आधी तिला रडू द्यायचो, मेसचं, वांग्याचं विचारून हसवायचो, अन तिचा आवाज नीट झाला की मंग तुला हाक मारायचो." म्या म्हणलं, "चहा घ्यायला या कधी." तो म्हणाला, "येतो की." अन आला न्हाई. मीच बोलवायचो न्हाई इतके दिवस, तो काय यायचा?

पण हा आजचा अर्ज मी त्याच्यासाठी केला न्हाई हां, गैरसमज नको. गेल्या रविवारी ज्योतीचा फोन आला, परत तेच जेवण, तोच अभ्यास. मंग ती म्हणते, "बाबा, एक सांगू? तुमाला आता धाप लागत न्हाई." म्या म्हणलं, "धाप कशाची? खुर्चीत बसलोय." ती म्हणते, "तेच. पयले तुमी पळत यायचात. बरी हायस का, म्हणताना तुमचा श्वास लागलेला ऐकू यायचा. दुसरं काही बोलला न्हाईत तरी चालायचं. वाटायचं, माह्यासाठी माहा बाप पळत आला. त्या धापेवर हप्ता जायचा माहा."

आता बोला. इतकी वर्सं मला वाटून राहिलं की बोलणं सगळं साडू नेतो अन माह्या वाट्याला काहीच येत न्हाई, अन तिकडं पोरगी…

हां हां, खिडकी उघडली, सरका पुढं व्यंकटराव, उरका तुमचं. झालं? नमस्कार साहेब. हा अर्ज. फोन शिफ्ट करायचा. न्हाई, घर बदललं न्हाई. त्या घरात न्यायचा, धम्मानंद, कालव्यातून रिटायर. किती लांब? लांब न्हाई साहेब, मधात एक भिंत हाय. काय म्हणता? एवढ्यासाठी कशाला, पोरीचा फोन आला की त्यालाच तुमच्या घरी हाक मारा?

न्हाई साहेब, त्याला बोलवून काय करू? पळायचं मला हाय.