तार तुटली की माग थांबवायचा

मंडळी, नारपोलीतून आलेली, दापोड्यावरून आलेली, काही तर सातची पाळी सुटल्यावर कपड्यांवरचा कापूस झटकत तशीच आलेली. सगळ्यांना नमस्कार.

मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण असं समोर उभं राहून नाही. बाळारामदादाशी दहा वर्षं बोललो ते पळता पळता. तो डाव्या हाताला, मी उजव्या. एकमेकांची तोंडं आम्ही फार कमी पाहिली. आज शुक्रवार. माग बंद. या वेळेला आम्ही कशेळीच्या पुलावरून पळत परत येत असायचो. पाय ऐकत नाहीत माझे, इथं एका जागी. चुळबूळ केली तर माफ करा.

मी गौतम. पाणीखात्यात आहे. काही जण मला पाणी सोडणारा म्हणून ओळखतात, आणि पाणी आलं नाही की शिव्याही देतात. असो.

मी आत येताना चपला काढत होतो. बाहेर दोघं बोलत होते. एक म्हणाला, "काय न्हाय रं, पळून पळून मेला." दुसरा म्हणाला, "आमच्या पोराचं पळणं तर आजपासून बंद." दादाच्या लेकीचे, सुनीताचे, बूट वहिनींनीही माळ्यावर टाकलेत, असं कळलं. वहिनी, मी तुम्हाला दोष देत नाही. पण हे वाक्य दादाच्या नावाला चिकटलं तर सुटायचं नाही. म्हणून उभा राहिलोय.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. मी नवा नवा पळायला लागलो होतो. कशेळीच्या खाडीजवळ पोटरीत असा गोळा आला, की रस्त्यावरच बसलो. मागून हा माणूस पळत आला. ओळख नाही, पाळख नाही. पाय धरला, अंगठा वर दाबला, आणि विचारलं काय? नाव नाही विचारलं.

"काल रातच्याला काय खाल्लंस?"

म्हटलं, चहा आणि खारी.

"आनि आज पलाया निघालास? पाय काय लोखंडाचं हायेत तुझं?"

तेव्हापासून मी त्याचा. हळूहळू आम्ही सात-आठ जण झालो. दादा कारखान्यात जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. आम्हालाही त्यानं तसंच घेतलं. दर शुक्रवारी पळून आलो की कारखान्याच्या ओट्यावर बसवायचा. कोणी घरी सटकायचं नाही. घाम सुकायच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. उकडलेली अंडी. भिजवलेले चणे. गूळ. मिठाची पेज. अंडं न खाणाऱ्याला दही-शेंगदाणे. आमच्यातल्या एकाचा शनिवारही उपास, सोमवारही उपास, आणि मध्ये रविवारी शर्यत! दादा त्याला म्हणाला, "देवाला इचार, पलायच्या हप्त्याला सुट्टी देतोस का. तो न्हाय बोलनार न्हाय. मानसंच बोलतात."

आणि जोरात पळालो की दुसऱ्या दिवशी पळायचं नाही. नुसतं चालायचं. हे आम्हाला कुठलं पटतंय? दुखतंय तर अजून पळू, मोकळं होईल. दुखऱ्या पोटरीवर तेल ओतून रगडू. माझ्या पोटरीवर एकदा मी इतकं रगडलं की ती निळी झाली. दादानं तेलाची बाटलीच घरी नेली.

एकदा मी चिडून विचारलं, दादा, एक दिवस बसलो तर काय पाय सुधारणार? तेव्हा तो मला आत घेऊन गेला. माग चालू होता, सुताच्या तारा ताणलेल्या. म्हणाला, "तार तुटली की माग थांबवायचा. गाठ मारायची. मंग चालू करायचा. थांबला न्हाईस तर माग चालंल, बंद न्हाय पडनार. पन कापड फाटकं निघंल. पलताना आतलं मांस तुटतं, गौतम. खाल्लं आनि निजलं की गाठ बसते. तू गाठच मारू देत न्हाईस."

मी दहावी नापास. तोही सातवीच. पण एवढं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग, मंडळी, हा माणूस का गेला?

हे सांगायचंय मला. आणि हेच सांगवत नाही.

दिवाळीनंतर दुसरा जॉबर गावी गेला, तो आलाच नाही. दादाच्या गळ्यात दोन्ही पाळ्या पडल्या. दिवस तोच, रात्र तोच. आपल्याकडे एक खुळी समजूत आहे बघा. ड्युटीला आपण मेहनतच धरत नाही. नुसतं उभं तर राहायचंय, नुसत्या फेऱ्या तर मारायच्यात, त्यात काय दमायचं? उलट म्हणतो, पाय गरमच आहेत, चला पळायला. दादा आम्हाला या गोष्टीवरून झापायचा. नाईट करून आलेल्याला परत पाठवायचा. शकीलभाई, तुम्हाला किती वेळा पाठवलं?

(ऐकलंत? "हर हफ्ते," म्हणतात.)

आणि तोच दादा, गुरुवारची नाईट करून, तोंडावर पाणी मारून, शुक्रवारी आमच्या पुढं पळत होता. ओट्यावर सगळ्यांना वाढायचा. दादा, तुम्ही? "मी खाल्लं." कधी खाल्लं? कुठं खाल्लं? आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. आम्ही खात होतो.

एका शुक्रवारी त्याच्या हातून अंडं घेताना माझा हात लागला. हात तापलेला. म्हटलं, दादा, अंगात ताप आहे. म्हणाला, "पलून आल्यावं गरमच असतं." खरंच वाटलं मला. कदाचित खरं वाटून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी तो कशेळीच्या पुलावर थांबला. कठडा धरून. खोकत. दहा वर्षांत मी त्याला पुलावर थांबलेला पाहिला नव्हता. म्हणाला, तीन हप्ते झाले, अंगात कसर हाय. मी म्हटलं, दवाखान्यात चला, आत्ता. तर माझा दंड धरला. "हिला बोलू नकोस. सुनीची जिल्ह्याची शर्यत हाय पुढल्या म्हयन्यात. माझं कललं तर ही तिचं पलनं बंद करंल. शर्यत झाली की जातो."

आणि मी गप्प बसलो.

वहिनी, मी गप्प बसलो. तुमच्या दारात त्यानंतर दोनदा चहा पिऊन गेलो. तुम्ही विचारलंत, "हे वाळल्यासारखे दिसतात ना हो?" मी म्हटलं, पळणारी माणसं वाळकीच असतात. हे मी म्हटलं. या तोंडानं. माझ्या जागी तो असता, तर त्यानं मला सायकलवर मागं बसवून माझ्या बायकोच्या पुढ्यात उभं केलं असतं. दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी यायचंत. महिनाभर आधी मी पुलावर होतो, वहिनी.

म्हणून बाहेर जे बोलत होते त्यांना सांगतो. तो पळून मेला नाही. तो न थांबता मेला, न खाता मेला, आणि आम्ही सगळे त्याच्या हातचं खात असताना मेला. पोरांना घरात कोंडून काही होणार नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा. मी इथंच राहतो.

आता शेवटचं. सुनीता, तुझ्याशी बोलतोय. मान खाली घालू नकोस.

आज पहाटे तू अनवाणी दापोड्यापर्यंत पळालीस. येताना रस्त्याच्या कडेला ओकलीस. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. शकीलभाईंनी रिक्षात घालून आणलं. नऊ दिवसांत तू चार घासही खाल्ले नाहीस, असं तुझी आई रडत सांगते. कुणावर चिडून पळतेस, बाळा? बापानं केलं तेच तू करतेस. त्यानं सांगितलं ते नाही.

उद्या दहावा. खाडीवर पिंड ठेवतील. कावळा शिवला नाही की सगळे हात जोडून म्हणतील, तुझी काय इच्छा राहिली ती आम्ही पुरी करू. आमच्यात हे नाही, माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण दादाची काय इच्छा राहिली असेल, हे विचारायला उद्यापर्यंत थांबायची गरज काय? इथं बसलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे.

शेजारच्यांनी पाठवलेला वरणभाताचा डबा तिथं भिंतीकडेला तसाच ठेवलाय. वहिनी, उघडा तो. हो, आत्ता. सगळ्यांसमोर. सभेत कोणी जेवत नाही, हे मला कळतं. लोक नावं ठेवतील, तर मला ठेवतील.

सुनीताला पहिला घास तुम्ही भरवा.

आणि मंडळी, आपण दोन मिनिटं शांतता पाळू. उठू नका. निम्मी माणसं रात्रभर उभी होती, त्यांना दादानं उठवलं नसतं. बसा. पाय अवघडले असतील तर लांब करा, लाजू नका. कोणी बोलायचं नाही, कोणी रडायचंही नाही. ती जेवेपर्यंत.

बाळारामदादा, बस आता. आम्ही बघतो.