एशीचं पानी आन् दीड फुटाचा बोळ

पुसली की हो! तीन येळा पुसली बुरशी, फिनेल लावलं, चुना लावला, घासून घासून हाताची सालटी निघाली, आन् दुसऱ्या दिवशी बघतोय तर भित परत काळी! तुमी म्हनाल, सुभेदार, एशी गळतोय तर मिस्त्रीला बोलवा. बोलवला की! सांगलीचा मिस्त्री म्हनतोय, "आवं, उतार भायेर ठेवत्यात, तुमी आत कसा ठिवला?" आता ह्याला काय सांगू? चुकून न्हाई गड्या, मुद्दाम ठिवला हुता!

त्याचं आसं हाय... एशी दिला माज्या मेव्हण्यानं, उदयसिंहानं. त्यो विट्याचा, कोइमतुरात सोनं गाळायचं, गलाईचं दुकान. "दाजी, ताईला उकाड्याचा लय तरास हुतो, दुकानातला जुना एशी न्या." आनला, कडेगावात पयला एशी आमचाच! खिडकीत बसवला, बटन दाबलं, घटकाभरात मागं टिप... टिप... आन् खिडकीमागचा दीड फुटाचा बोळ कुनाचा? चुलतभावाचा, हंबीररावाचा. काठी घिऊन हजर! "नाना, आज थेंब सोडशील, उद्या पन्हाळ सोडशील, परवा वहिवाट सांगत कोर्टात जाशील! माज्या हद्दीत थेंब पडता कामा नये!"

मीबी अठरा वर्सं पलटनीत काढल्यात. म्हनलं, न्हाई पडत, जा! भायेरच्या अंगाला इटंचा तुकडा सारला, एशी आत कलता केला, खाली बादली ठिवली. पर पानी काय बादलीला इच्यारून पडतंय व्हय? मुरलं भितीत. पाडव्याला पिवळं, आखितीला हिरवं, बेंदराला काळं! कपाटामागं बुरशी, गादीखाली बुरशी, माज्या फौजी बुटात बुरशी! तरीबी थेंब भायेर न्हाई!

आन् मग आमची मालकीन, शालूबाई, खोकाय लागली. आदी नुसता खोकला, मग दम. चार पावलं चालली की भितीला धरून हुबी, आन् धरती ती भितच बुरसटलेली! कराडचा डाक्टर माज्यावर खेकसला, "सुभेदार, औषधानं भागणार नाही, घरातली ओल घालवा! नाहीतर एक दिवस यांना इथवर आणायला वेळ मिळायचा नाही." तुमाला सांगतो, गोळीला भ्यालो न्हाई त्यो मानूस, त्या दिशी भ्यालो.

घरी आलो, म्हनलं, एशीच काढून टाकतो. तर ही धापा टाकत म्हनती कशी, "माजा भाऊ... कोइमतुरास्नं थंडावा धाडतोय... आन् तुमास्नी तुमच्या भावाच्या दारात... दीड फूट जाववंना व्हय वो?"

गेलो. टोपी हातात. "हंबीरराव, शालू... दम..." त्यो ताडकन उठला. "आरं येड्या, वैनीचं आदी सांगायचं न्हाई व्हय?" आन् तसाच येऊन त्यानं सवताच्या हातानं इट उपसून फेकली! भित वाळली, म्हैन्यात शालूबाईचा दम गेला. लय बरं वाटलं वो.

पर फुडं आयका. पूस म्हैना लागला, थंडी पडली, मी एशी बंद केला. चौथ्या दिवशी हंबीरराव दारात! "नाना, पानी का तोडलंस? बोळात कढीपत्ता लावलाय, त्यो सुकला की!" आता थंडीत एशी लावला तरी थेंब निघंना, आन् ह्याला न्हाई म्हनायचं कुटल्या तोंडानं?

म्हनून रोज सकाळी स्वेटर घालून, खिडकीतनं हात काढून, एशीच्या बुडाशी तांब्याभर पानी वततो. हंबीररावाच्या दारात नळ हाय, आवं, सवताचा! तरीबी वततो. काय करता?