शेखकडून परत आलेली पगडी

—नाही म्हटलं ना तुला, अथर्व, इथे कोणी नाही. दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा सांगते. मी एकटी आहे, हे गेल्यापासून एकटीच असते, हे काय तुला माहीत नाही? आता आलाच आहेस तर बस. बूट काढ आधी, अख्ख्या श्रूजबरीचा बर्फ आणलास माझ्या कार्पेटवर. आणि ती कॅप काढ, ठेव तिथे टेबलावर. चहा टाकते. नको कसा? पहिलीपासून ह्या टेबलावर माझ्या हातचे थालीपीठ खाल्लेत तुम्ही दोघांनी, तू आणि माझा मिहीर, आणि आज चहा नको? बरं, बोल मग. काय निरोप आहे माझ्या चिरंजीवांचा? स्वतः फोन करायची लाज वाटते, म्हणून वकील मित्राला पाठवलं होय?

काय म्हणालास? किडनॅपिंग? अरे, आई पोटच्या पोरीला घेऊन टेक्ससमधून निघाली, तर ती किडनॅपिंग? स्टेट लाइन ओलांडली म्हणून गुन्हा? आणि चार भिंतींच्या आत बायकोचा दंड पिरगाळला, तिला फ्रिजवर आपटलं, तो गुन्हा नाही — कारण तिथे कुठली लाइन आली, नाही का? चोराच्या उलट्या बोंबा! आणि तू शिकलासवरलास, लॉ केलंस, आम्ही सगळे तुझ्या ग्रॅज्युएशनला आलो, ह्यांनी फेटा बांधला होता — आणि तू माझ्या घरात मोठ्या आवाजात मला कायदा शिकवतोस? हळू बोल, अनिका आत्ताच झोपलीय—

...

बरं. गेलं तोंडातून. आहेत. वर आहेत दोघी. आरोही रविवारी आली, पोरीला कडेवर घेऊन, जानेवारीत अंगात नुसता स्वेटर. मी दार उघडलं तर ती 'आई' सुद्धा म्हणाली नाही, नुसती माझी बाही धरली आणि उभी राहिली. आता ऐकलंस ना? लगेच फोन काढू नकोस. ठेव तो उलटा.

'काकू, तो फक्त बोलणार आहे.' हो का? 'काकू, तो बदललाय, थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय.' उत्तम. 'काकू, माझा शब्द आहे, तिला कोणी हात लावणार नाही.' तुझा शब्द? तुझा! अरे, शब्द तुझा आहे, पण हात कुणाचे आहेत?

काय बघतोस भिंतीकडे? तो जंबिया आहे, तुला नवीन आहे का? लहानपणी दोघं स्टुलावर चढून काढायचात आणि माझा जीव घ्यायचात. आणि ह्यांनी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल — दर गणपतीला, पॉटलक झालं, सगळे सोफ्यावर टेकले, की सुरू. 'आमचे पणजोबा एडनला साहेबाचे दुभाषे. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात. तिकडच्या एका अरब शेखने पणजोबांवर खूश होऊन स्वतःच्या कमरेचा खंजीर काढून दिला!' टाळ्या. आणि मी आत भांडी घासत मूग गिळून. कारण मला खरी गोष्ट माहीत होती. सासूबाईंनी सांगितली होती, ह्याच किचनमध्ये. बस. ऐक. तू निरोप्या म्हणून आलायस ना, मग ही गोष्ट तुझ्याच धंद्याची आहे.

एडनच्या हद्दीत एका उंटवाल्या पोराचं नाक्यावरच्या शिपायाशी भांडण झालं. शिपाई मेला. पोरगं पळालं, हद्द ओलांडून शेखच्या मुलखात गेलं, आणि त्याने शेखच्या कपड्याचा पदर धरला. त्यांच्यात ती रीत — ज्याने पदर धरला तो तुमचा. मग तो चोर असो, खुनी असो, त्याला सांभाळायचं. साहेबाने निरोपावर निरोप पाठवले. आमचा गुन्हेगार आमच्या ताब्यात द्या. शेख म्हणाला, देत नाही. साहेबाने त्याचा तनखा बंद केला, उंटांची वाट अडवली, त्याच्या गावात धान्य जाईना. तरी शेख म्हणाला, देत नाही. आता हा शेख काही संत नव्हता हं, स्वतः त्याने किती माणसं कापली असतील कोण जाणे! पण पदर धरला म्हणजे धरला.

तेव्हा साहेबाने पणजोबांना पाठवलं. गोड बोलणारा माणूस, अरबी अशी की तिकडचे लोक थक्क व्हायचे. त्यांनी शेखला सांगितलं — फक्त चौकशी होईल. तुमच्या रीतीने शिपायाच्या घरच्यांशी तडजोड करू. पोराला फाशी होणार नाही, असं साहेबाने कबूल केलंय. शेख काय म्हणाला, माहीत आहे? म्हणाला, साहेबाचा शब्द मला नको. साहेब उद्या बदलून जाईल. तू माझ्या ताटात जेवलास, तू शब्द दे. आणि पणजोबांनी दिला! काय गरज होती? साहेबाच्या मनात काय आहे हे त्यांना कुठे ठाऊक? पण साहेबासमोर आपली छाती फुगायला हवी ना! डोक्यावरची पगडी काढून शेखच्या पुढे ठेवली, तारण म्हणून. शेखने कमरेचा जंबिया काढून पणजोबांच्या हातात दिला. पगडी तिकडे, जंबिया इकडे, आणि पोरगं पणजोबांच्या बरोबर चालत एडनला आलं. बांधलं सुद्धा नव्हतं त्याला.

फाशी दिली. आणखी काय होणार? तडजोड नाही नि काही नाही. साहेब म्हणाला, मी 'बघू' म्हटलं होतं. झालं! साहेबाला बढती मिळाली, आणि एक दिवस शेखचा माणूस आला, पणजोबांच्या ओट्यावर ती पगडी ठेवली आणि गेला. नीट घडी केलेली, धूळ सुद्धा झटकलेली. जंबिया परत मागितला नाही. घाणीत पडलेली वस्तू कोण परत मागतं? पणजोबांनी पुढे आयुष्यात पगडी घातली नाही. रत्नागिरीत लग्नाकार्यात उघड्या डोक्याने बसायचे, लोक म्हणायचे विलायती झाला. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, तो विलायती नव्हता झाला. त्याने केसाने गळा कापला होता एकाचा, आणि त्याला ते कळलं होतं. आपल्या घरातल्या पुरुषांत कळलेला तो एकच.'

त्यांनी मला हे का सांगितलं, विचार ना. नको विचारूस. सांगतेच आता. अर्धं तोंडातून गेलंच आहे. आरोहीच्या दंडावर बोटं उठलीत, चार पुढे आणि अंगठा मागे. ती खूण मला कुणी शिकवायला नको. मिहीर सहा वर्षांचा होता, मी त्याला घेऊन वुस्टरला माझ्या मैत्रिणीकडे, वसुधाकडे गेले होते. मग आले एकजण समजूत घालायला. बसले अस्सेच, खुर्चीच्या टोकावर. 'वहिनी, तो फक्त बोलणार आहे. वहिनी, माझा शब्द आहे.' मी आले परत. आणि त्या शब्दाने काय केलं? शब्द आपल्या घरी जाऊन जेवला आणि झोपला. इथे मार मी खाल्ला. सासूबाई तेव्हा इंडियातून आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीला हळद लावताना त्यांनी ही गोष्ट सांगितली. आणि मिहीर त्या दारात उभा राहून बघत होता. तिथे, त्या दारात! काय शिकलं बघ कार्टं.

कोण आले होते? अरे, तुझे बाबा.

का रे, चहा गार होतोय. तुला नव्हतं माहीत. बरोबर आहे, कोण सांगणार? चांगला माणूस तुझा बाप. मनापासून वाटलं असेल त्यांना. पणजोबांनाही वाटलंच असेल की! मला त्याचाच राग येतो, कळलं? हरामखोर माणूस आला तर मी दार तरी उघडत नाही. तुम्ही चांगली माणसं येता, बूट काढता, काकू म्हणता, आणि दुसऱ्याच्या हातांची हमी स्वतःच्या तोंडाने देऊन जाता. ह्यांचं तर विचारूच नकोस. आज असते तर तुझ्याच बाजूच्या खुर्चीत बसले असते.

माझा मुलगा आहे तो. नऊ महिने पोटात वागवलाय मी त्याला. मला काय आनंद होतोय का, आपल्याच पोराला दाराबाहेर ठेवताना? रोज सकाळी त्याच्या खोलीत ती पोरगी झोपलेली बघते आणि आत तुटतं. पण तिने माझी बाही धरली. बाही, अथर्व.

हां, काय म्हणतोस? तो तिकडे टेक्ससला, अर्विंगलाच आहे, तिथेच थांबेल, आधी आरोहीने फक्त फोनवर—

थांब. तुझी गाडी चालू आहे. मघापासून ऐकतेय मी, वाटलं शेजाऱ्यांची असेल. तू इथे अर्धा तास बसलायस आणि ड्राइव्हवेत तुझी गाडी चालू आहे. हीटर लावून. कुणासाठी रे? बाजूच्या सीटवर कोण आहे?

माझ्याकडे बघ. खाली नको बघूस.

ऊठ. नाही, एक शब्द बोलू नकोस, बोलण्यासारखं काय ठेवलंयस तू? जाऊन सांग त्याला, आईने सांगितलंय, ह्या पायरीवर पाय ठेवलास तर पोलिसांना मी स्वतः फोन करेन, आणि नाव नीट स्पेलिंगसकट सांगेन. मी त्या पणजोबांची पणती नाही, मी ह्या घरात बाहेरून आलेली आहे, मला बढती नकोय. बूट घाल. लेस नंतर बांध. आणि ही घे, तुझी कॅप राहिली. घे ना! हातात काय धरून उभा राहिलास, बाहेर थंडी आहे. नीघ.

...

आरोही! नाही गं, खाली नको येऊस. झोप तू तिच्याजवळ. कोणी नाही. कोणी आलं नव्हतं.