चौथ्या घराचा भाडेकरू

बँकेच्या गृहकर्ज विभागात एक पेन्शनर आजोबा पंख्याखालची खुर्ची अडवून बसले होते. शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी येऊन बसले, तसं आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कान मोकळे झाले.

“राहतं घर तारण ठेवायचं नाही, बाबा. आई राहते तिथे.”

“राहू दे की! बँक काय तिला उचलून नेणार आहे?”

“हप्ते थकले तर घर नेईल.”

“थकतील कशाला? पहिल्याच्या भाड्यावर दुसरं घेतलं, दुसऱ्याच्या भाड्यावर तिसरं. चौथ्याचा भाडेकरू सोडून गेला, म्हणून जरा अडलंय.”

“मग एखादं विकून टाका.”

“वेडी आहेस. चारही घरं तुझ्यासाठीच घेतलीत ना!”

“आणि मी इतकी वर्षं परक्यांच्या खोलीत भाड्याने राहते. एकदा मागितलं, तर म्हणालात, तू राहिलीस तर हप्ता कोण भरणार?”

“मग? चूक बोललो का?”

आजोबा पान उलटायला विसरले.

“बाबा, चौथ्या घरात मी येते राहायला. आधीचा भाडेकरू देत होता तेवढंच भाडं देईन, हप्ता निघेल. फक्त आईचं घर गहाण टाकू नका.”

“बापाला भाडं देणार?”

“देणार.”

काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला गेला. बाबा उठले, हातातल्या अर्जाकडे बघत उभे राहिले, मग त्याची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

“बरं,” ते म्हणाले. “तुझ्याकडून डिपॉझिट मात्र घेणार नाही.”